पंधरावा चिंचोका

"बाई, तेवढं सांगा, मास्तरला हिरीत ढकललं कुणी?"

सोनाबाईनं तिकिटाच्या खिडकीतून सगळं मनगट आत घातलं होतं, मी उत्तर दिल्याशिवाय ते बाहेर निघणार नव्हतं. बुधवारचा बाराचा खेळ नुकताच सुटला होता. सोनाबाई मंडईत मेथी-कोथिंबीर विकायची, त्या दिवशी पाटी शेजारणीच्या गळ्यात मारून सिनेमाला आली होती.

"मला काय माहीत? मी कुठं बघितलाय."

"दिसभर हितं बसता आन् बघितला न्हाई?"

"मी तिकिटं द्यायला बसते, सोनाबाई."

"अवो, त्यो बाबा एस्टीतनं उतरतो. पोष्टमास्तर हिरीत पडतो. की परत हा एस्टीतनं उतरतोय. परत मास्तर हिरीत. म्या शेजारच्या बाईला म्हनलं, आपन मगाशी हेच बघितलं का मला झोप लागली? ती म्हनली, मला बी तसंच वाटतंय."

आमच्या रत्नमाला टॉकीजला लागलेला तो मराठी सिनेमा, नाव 'साडेअकराची एस्टी'. विम्याचा एक एजंट सकाळी साडेअकराच्या गाडीनं एका खेड्यात उतरतो. चार वाजेस्तोवर तिथला पोष्टमास्तर विहिरीत पडून मरतो. एजंट विहिरीत वाकून बघतो आणि पुढच्या क्षणी परत साडेअकराच्या गाडीतून उतरत असतो. तेच खेडं, तीच विहीर, मास्तर जिवंत. दर वेळी संशय नव्या माणसावर. शेवटी एजंट उतरतो तेव्हा मास्तरची खाकी पिशवी त्याच्याच खांद्याला असते, आणि पडदा काळा. दिवे लागले तरी लोक उठायचे नाहीत. त्यांना वाटायचं, ढकललं कुणी ते अजून सांगायचं राहिलंय.

पहिल्या आठवड्यात लोकांनी शिव्या घातल्या. मग त्याच लोकांनी, आपल्याला काही कळलं नाही हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून, परत तिकीट काढलं. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गेला. गावात पानाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, दवाखान्याच्या बाकावर एकच विषय.

त्या बुधवारी गेटपाशी उकिडवे सर आणि मेडिकल दुकानातला कोरे यांची जुंपली होती. उकिडवे सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. अठ्ठावन्नचे होते, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. बोलताना डोळे मिटायची सवय. सज्जन माणूस, पण एकदा बोलायला लागला की पोरं बाकाखालून पळायची.

"मास्तर तीनदा पडतो, सर. मी सोमवारी सहाचा बघितला," कोरे म्हणाला.

"चारदा." सरांनी आपली बोटं दाखवली. "मी पेरांवर मोजलंय. आणि खरं मर्म त्या चौथ्या वेळेतच आहे. तिसऱ्या आणि चौथ्या पडण्यात तिळाचाही फरक नाही. दिग्दर्शक तुमच्या तोंडावर सांगतोय, की बाबा रे, सुटका नाही."

"आम्हाला तीनदाच दाखवला बुवा. सहाच्या खेळाला एक मेलेला माणूस कमी देतात काय?"

लोक हसले. गेटकीपर हैबती माझ्या खिडकीपाशी येऊन कुरकुरला, "आज खेळ धा मिनिटं उशिरा सुटला, नंदाबाई. तीनचं पब्लिक उन्हात तापतंय. आप्पांना सांगा जरा."

आप्पा म्हणजे माझे वडील, रेवणसिद्ध तोडकरी. रत्नमाला टॉकीजचे ऑपरेटर. एकतीस वर्षं त्यांनी त्या केबिनमध्ये काढली होती. बारा आणि तीनचा खेळ त्यांचा, सहा आणि नऊचा युनूसचा. मी तेव्हा अठ्ठावीसची, बिनलग्नाची, तोंडानं फटकळ. आई आदल्या वर्षी गेलेली. घरात आम्ही दोघंच, आणि घरातही आप्पा पाहुण्यासारखे असायचे. त्यांचं खरं घर वर होतं.

मी जेवणाचा डबा घेऊन लोखंडी जिना चढले. आप्पा स्टुलावर बसून पितळी वाटीतले चिंचोके मोजत होते.

हे चिंचोक्यांचं सांगायला हवं. त्या काळी सिनेमा डब्यांतून यायचा. एका डब्यात एक रीळ, दहाएक मिनिटांचं. केबिनमध्ये दोन मशीन. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की हे बंद, ते सुरू. मग संपलेलं रीळ उलटं गुंडाळून डब्यात. डब्यांवर नंबर असायचे, पण कधी दोन गावचे डबे एकमेकांत मिसळलेले, कधी खडू पुसलेला. आप्पांनी स्वतःची रीत काढली होती. नवं रीळ सुरू झालं की खिशातल्या पुरचुंडीतला एक चिंचोका वाटीत टाकायचा. खेळ संपला की मोजायचे. चौदा रिळं, चौदा चिंचोके. युनूस हसायचा, पण आप्पा म्हणायचे, एकतीस वर्षांत वाटीनं मला खाली बघायला लावलेलं नाही.

"जेवून घ्या. भाकरी गार होतीय," मी म्हटलं, आणि सहज वाटीत डोकावले. आप्पांनी पाच-पाचाचे ढीग लावले होते. तीन ढीग.

"हे पंधरा आहेत की."

"हं?"

"पंधरा. सिनेमा चौदाचा ना?"

आप्पांनी ढिगांकडे बघितलं. मग एक चिंचोका उचलून सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला. "एक चुकून जास्तीचा पडला असेल. दोन चिकटून आले असतील. चटणी कुठली आणलीस?"

"जवसाची."

"बरं केलंस."

मी खाली उतरायला लागले. चौथ्या-पाचव्या पायरीवर माझा पाय थबकला. खेळ दहा मिनिटं उशिरा सुटला. सर म्हणतात चारदा. वाटीत पंधरा. आप्पांनी एक रीळ दोनदा लावलं होतं. एक चालू असताना मागचं गुंडाळून ठेवलं, आणि पुढचं म्हणून तेच परत चढवलं. दुसरा कुठला सिनेमा असता तर पब्लिकनं शिट्ट्या मारून पत्रे खाली आणले असते. या सिनेमात कुणाला पत्ता लागला नाही. उलट एका प्राध्यापकाला त्यात मर्म सापडलं.

चूक कुणाच्याही हातून होते. पण आप्पांना ती झाल्याचंच कळलं नव्हतं, असं मला वाटलं. आणि मला लगेच मागचं आठवायला लागलं. महिन्यापूर्वी पिठाची गिरणी सोडून ते तसेच पुढं चालत गेले होते. दोनदा मला आईच्या नावानं हाक मारली होती. मी हसण्यावारी नेलं होतं. शेठनीही, म्हणजे टॉकीजचे मालक गुगळेशेठ यांनी, दिवाळीत सुचवून बघितलं होतं, "रेवणप्पा, आता आराम करा, युनूसचा भाऊ तयार झालाय." आप्पा त्या दिवशी जेवले नव्हते. केबिन सुटली तर हा माणूस घरात बसून भिंतीकडे बघत संपेल, हे मला लख्ख दिसत होतं. शेठना एक कारण मिळायचा अवकाश होता.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. आप्पांना तर नाहीच. त्याऐवजी एक उद्योग सुरू केला. खेळ सुटला की खिडकी सोडून गेटपाशी उभी राहायचे आणि बाहेर येणाऱ्यातल्या एखाद्या शहाण्यासारख्या दिसणाऱ्याला विचारायचे, "काय हो, मास्तर किती वेळा पडला?"

लोकांना मजा वाटायची. काही जण हातभर उत्तर द्यायचे. एका बाईनं मला मास्तरच्या बायकोवर तिचा कसा पहिल्यापासून संशय आहे ते गेटापासून रिक्षास्टँडपर्यंत ऐकवलं. एक एसटीचा कंडक्टर म्हणाला, "सिनेमा बोगस आहे, साडेअकराची गाडी साडेअकराला येते कधी?" मला त्यातलं काही नको होतं. मला आकडा हवा होता.

गुरुवार, तीनदा. शुक्रवार, तीनदा. माझा जीव भांड्यात पडला. शनिवारी बाराला, चारदा. आणि शनिवारी तीनच्या खेळातून बाहेर पडलेला एक पोलीस कपाळ पुसत म्हणाला, "पाच. पाचव्यांदा पडला तेव्हा मीच म्हटलं, आता राहू दे बाबा आत."

त्याच दिवशी शेठनी मला ऑफिसात बोलावलं. खूश होते. "महानंदा, उद्या बाराच्या खेळाला स्वतः दिग्दर्शक येतायत पुण्याहून. उकिडवे सरांनी फोन करून बोलावलंय. खेळ झाला की हॉलमध्ये चर्चा, प्रेक्षक आपापलं मत सांगणार. तीनचा खेळ रद्द. पेपरवाले येणारेत. रेवणप्पांना सांग, पडदा-बिडदा नीट बघून घ्या."

घरी मी आप्पांच्या मागे लागले.

"उद्या सुट्टी टाका. खोकला आहे तुम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगते. युनूस करेल बाराचा."

"ज्यानं सिनेमा काढला तो माणूस माझ्या पडद्यावर बघणार, आणि मी घरी काढा पीत बसू?" आप्पा पायजम्याला इस्त्री करत होते. रविवारसाठी. "नंदा, तुला माहितीय, एकतीस वर्षांत असा कुणी आला नाही."

मी पायजम्याचं दुसरं टोक ताणून धरलं. मग म्हटलं, "मी वर येऊन बसणार. हैबतीची बायको बघेल खिडकी."

"बस की," आप्पा म्हणाले. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

रविवारी हॉल भरला. मी केबिनमध्ये डब्यांच्या फळीपाशी उभी राहिले. आप्पांनी पहिलं रीळ सोडलं, चिंचोका वाटीत टाकला. त्यांचे हात बघत राहावेत असे होते. फिल्म चढवताना त्यांना बघावंसुद्धा लागत नव्हतं. मला वाटलं, मीच वेडी आहे, या माणसाला काय झालंय?

आठवं झालं. नववं झालं. दहावं सुरू झालं, दहावा चिंचोका पडला. आप्पांनी नववं गुंडाळलं आणि टेबलावर ठेवलं. डब्यात ठेवलं नाही. कपाळावरचा घाम पुसला, छोट्या खिडकीतून पडद्याकडे बघितलं. पडद्यावर एजंट विहिरीत वाकून बघत होता. तिसऱ्यांदा. आप्पा थोडा वेळ तसेच बघत राहिले, मग वळले, आणि त्यांचा हात टेबलावरच्या रिळाकडे गेला.

मी अकराव्याचा डबा उघडून त्यांच्या हाताखाली सरकवला. आप्पांचा हात दोन्हींच्या मधे थांबला. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मुद्दाम दुसरीकडे मान वळवली. त्यांनी अकरावं उचललं, मशीनवर चढवलं. खेळ नीट पार पडला. वाटीत चौदा.

मला वाटलं, संपलं.

खाली दिवे लागले. मी जिना उतरून हॉलच्या मागच्या दाराशी उभी राहिले. वर केबिनची खिडकी उघडी होती. पुढं पडद्याखाली टेबल, त्यावर हार, शेठ, आणि दिग्दर्शक. पस्तिशीचा, बारीक दाढीचा माणूस. लोक उठून एकेक बोलायला लागले. सोनाबाईनं विचारलं, ढकललं कुणी? दिग्दर्शक म्हणाला, तुम्हाला कोण वाटतं? सोनाबाई म्हणाली, "मला म्हाईत असतं तर पाटी सोडून दोनदा आले असते व्हय?" हॉल हसला. कंडक्टरनं वेळापत्रक काढलं. कोरेनं मास्तरच्या बायकोवर संशय घेतला. दिग्दर्शक खुशीत आला होता.

मग उकिडवे सर उभे राहिले. डोळे मिटले.

"माझा एक प्रश्न आहे. बुधवारी मी हाच चित्रपट पाहिला, तेव्हा मास्तर चार वेळा पडतो. तिसऱ्या आणि चौथ्या प्रसंगात काहीही फरक नव्हता. मला तो या कलाकृतीचा कळस वाटला. आज मात्र तीनच वेळा. तो भाग आपण का कापलात?"

दिग्दर्शकानं भुवया चढवल्या. "मी काहीच कापलेलं नाही. तीनदाच आहे. पहिल्यापासून."

"चारदा होतं," सर शांतपणे म्हणाले. "मी मोजलं होतं."

"शक्य नाही सर. मीच काढलाय ना तो." दिग्दर्शक हसला, पण मग त्याचं हसू जरा थांबलं. "म्हणजे एखादं रीळ—"

शेठनी मान वर केली. केबिनच्या खिडकीकडे बघितलं.

मी बोलले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"चारदा कधीच नव्हतं. मी रोज गेटपाशी लोकांना विचारते, हैबतीला विचारा. रोज तीनच सांगतात. सरांची मोजण्यात चूक झालीय."

"मी बुधवारपासून तेच सांगतोय," कोरे म्हणाला.

"महानंदाताई, मी पेरांवर..." सरांनी बोटं वर केली.

"सर, एक पेर दोनदा मोजलं असेल. होतं असं या वयात."

हॉल हसला. दिग्दर्शकानं टाळी वाजवली. "वा. हेच तर मला हवं होतं. बघणाऱ्याला स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटू नये. सर, तुम्ही माझे सगळ्यात चांगले प्रेक्षक." लोकांनीही टाळ्या वाजवल्या. शेठ सैल झाले. सर हसल्यासारखं करून खाली बसले. नंतर ते आपल्या बोटांकडेच बघत होते.

चर्चा सुटल्यावर गर्दी पांगली. सर सायकलच्या स्टँडपाशी उभे होते. सायकल काढत नव्हते. मी तोंड चुकवून चालले होते, त्यांनी हाक मारली.

"महानंदाताई, एक विचारू? रागावू नका. बुधवारी खेळ सुटल्यावर मी चहाच्या गाड्यावर होतो. तुमचे आप्पा खाली आले होते. त्यांनी मला विचारलं, सर, मास्तर किती वेळा पडला? मी म्हटलं चार. ते म्हणाले, चार, बरोबर. आणि चहा अर्धा टाकून गेले." सरांनी डोळे मिटले नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होते. "हे घडलं की नाही? मला स्पष्ट आठवतंय. पण मला ती चौथी वेळही स्पष्ट आठवतेय."

आप्पांना माहीत होतं. बुधवारपासून माहीत होतं. मी गेटवर विचारत होते तेच ते चहाच्या गाड्यावर विचारत होते, आणि घरी आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून जवसाच्या चटणीवर बोलत होतो.

"माझे वडील शेवटी घरचा रस्ता विसरले," सर म्हणाले. "सुरुवात अशीच झाली होती. न घडलेलं आठवायचं. म्हणून विचारतो. आप्पांनी मला विचारलं होतं का?"

शेठ अजून गेटच्या आत उभे होते. दिग्दर्शकाच्या गाडीत ठेवायला हार-नारळ घेऊन. दहा पावलांवर. खरं बोलले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं.

"आप्पा बुधवारी खाली उतरलेच नव्हते, सर," मी म्हटलं. "मी डबा घेऊन वर गेले होते."

सरांनी मान डोलावली. दोनदा. सायकल काढली, आणि तिच्यावर न बसता ती हातात धरून चालत गेले.

मी वर गेले. आप्पा मशीनवर फडकं टाकत होते.

"सरांना काय सांगितलंस खाली?"

"काही नाही."

"हॉलमधलं मी ऐकलं. खाली स्टँडपाशी दिसलात, पण ऐकू आलं नाही. काय सांगितलंस?"

मी सांगितलं. आप्पा स्टुलावर बसले. वाटीतले चौदा चिंचोके बोटानं हलवत राहिले.

"शुक्रवारी डोकं ताळ्यावर होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, सुटलो. काल दोन्ही खेळांना घसरलो. पडद्यावर तो विहिरीपाशी उभा राहिला की मला कळत नाही, नंदा, हे आत्ता झालं का मगाशी. तू आज डबा सरकवलास, तेव्हा मला बरं वाटलं. लाज पण वाटली." मग म्हणाले, "पण तू त्या माणसाला वेडा ठरवलंस."

"मग काय करू? शेठ तिथंच होते. तुम्हाला घरी बसवलं असतं."

"बसवलं असतं," आप्पा म्हणाले. त्यांनी भिंतीवरचा कोट काढला. "चप्पल घाल."

सरांचं घर कसब्यात, पंधरा मिनिटांवर. आप्पा पुढं, मी मागं. दार उघडंच होतं. सर ओसरीवर पाठ टेकून बसले होते, डोळे मिटलेले, आणि अडीचकीचा पाढा म्हणत होते. अडीच सत्ते साडेसतरा. अडीच अठ्ठे वीस. अडीच नव्वे साडेबावीस. त्यांच्या बायकोनं आम्हाला बघून पदर सावरला. "आल्यापासून हेच चाललंय. आधी पावकी, मग निमकी. चहासुद्धा घेतला नाही. काय झालं टॉकीजमध्ये?"

आप्पा पायरीवर थांबले. सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला.

"सर."

सरांनी डोळे उघडले.

"तुम्ही चुकला नाहीत. मास्तर चारदाच पडला. मी तुम्हाला चहाच्या गाड्यावर विचारलं होतं, ते पण खरं." त्यांनी चिंचोका सरांच्या पुढ्यात ठेवला. "हा पंधरावा. बुधवारचा. चौथ्यांदा मास्तरला मीच ढकललं."

सर त्या चिंचोक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलून मुठीत धरला, आणि त्यांच्या बायकोकडे बघितलं, आणि रडायला लागले. इतका मोठा माणूस. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, बघायला नकोच होतं.

तिथून आप्पा शेठच्या बंगल्यावर गेले. मला फाटकातच थांबवलं. परत आले तेव्हा केबिनची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

पुढं सात वर्षं आप्पा घरी होते. मला भीती होती तसंच झालं, भिंतीकडे बघत बसायचे. आधी गल्ली गेली, मग दिवस गेले, मग मी गेले. शेवटची दोन वर्षं मी त्यांना खिडकीवर तिकीट देणारी कुणी बाई होते, आणि ते मला अहो-जाहो करायचे.

पण बुधवारी सर यायचे. एकही बुधवार चुकवला नाही. सायकल भिंतीला लावायचे, आप्पांच्या शेजारी बसायचे. आप्पांना ते कोण हे कळायचं नाही, तरी थोड्या वेळानं त्यांचं ठरलेलं सुरू व्हायचं.

"सर, मास्तर किती वेळा पडला?"

"चारदा."

"चार. बरोबर." मग आप्पा कासावीस व्हायचे, सदऱ्याच्या टोकाशी चाळा करायचे. "ढकललं कुणी?"

"ते अजून कुणालाच कळलेलं नाही, रेवणप्पा."

"कळलं नाही?"

"नाही. दिग्दर्शकालासुद्धा नाही."

आप्पांचा चेहरा मोकळा व्हायचा. "मग बरंय," म्हणायचे. दहा मिनिटांनी परत विचारायचे, आणि सर परत पहिल्यापासून सांगायचे.

एकदा सर निघाले तेव्हा मी अंगणात त्यांची सायकल धरून उभी राहिले. कित्येक महिने मनात घोळत होतं. म्हटलं, "सर, त्या रविवारी मी भर हॉलमध्ये तुम्हाला... आणि नंतर स्टँडपाशी सुद्धा. मी तुमची माफी कधी मागितलीच नाही."

सरांनी पायजम्याच्या घोट्याला क्लिप लावली. सायकलची मूठ माझ्या हातातून घेतली.

"कुठला रविवार?" ते म्हणाले. "मला काही आठवत नाही बुवा."

आणि सायकलवर टांग टाकून ते गल्लीच्या टोकापर्यंत अडीचकी म्हणत गेले. एकही अंक चुकला नाही.